ब्लंटचं वजन: किती वाढवायचं, कुठे बसवायचं

लाँगबो, साधा रिकर्व्ह किंवा बांबूचं धनुष्य वापरणाऱ्या ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांची या वेळची बरीच पत्रं एकाच अडचणीची आहेत. बोथट टोकाचे पॉइंट, म्हणजे ब्लंट, बाणाच्या मानाने हलके पडतात. हे पॉइंट मुळात अमेरिकेत खार, ससा अशा छोट्या शिकारीसाठी बनतात. आपल्याकडे शिकारीला कायद्याने बंदी आहे. पत्रलेखकांना ते हवे आहेत ते भाताच्या खाचरात, बांधावर, कुजक्या बुंध्यावर नेमबाजी करण्यासाठी, कारण टोकदार पॉइंट तिथे रुततात, हरवतात किंवा गवताखाली सरपटत जातात. उत्तरांत वजनं ग्रेनमध्ये दिली आहेत. १ ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन.

प्रश्न : माझा रिकर्व्ह ४० पाउंडाचा (पूर्ण ओढायला लागणारा जोर) आहे. कार्बनचे बाण १७५ ग्रेनच्या फील्ड पॉइंटवर (सरावाचा साधा टोकदार पॉइंट) छान जुळले आहेत. स्प्रिंगचे पाय असलेला जुडो पॉइंट आणला, तो १२५ ग्रेनचा निघाला. पन्नास ग्रेन म्हणजे जेमतेम सव्वातीन ग्रॅम. एवढ्याने खरंच काही बिघडतं का?
– नौपाडा, ठाणे

उत्तर : बिघडतं, आणि दोन दिशांनी बिघडतं. दोरी सुटते तेव्हा मागून जोर येतो, पण पुढचं वजन जागेवरून हलायला वेळ घेतं, म्हणून मधला शाफ्ट, म्हणजे बाणाची काडी, वाकतो. पुढे वजन जास्त असेल तर तो जास्त वाकतो, कमी असेल तर कमी. तुमचा बाण १७५ ग्रेनला जेवढा वाकून धनुष्याच्या कडेने निघून जात होता, तेवढा तो १२५ ला वाकणार नाही. तो ताठ वागेल. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा ताठ बाण डावीकडे जातो, आणि बऱ्याचदा रायझरला (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागाला) घासल्याचा ‘टक्’ आवाजही येतो. पिसं मोठी असतील तर १० मीटरवर हे लपून जातं. २० मीटरवर लपत नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. समजा एकूण बाण ४५० ग्रेनचा होता, तो आता ४०० चा झाला. सेकंदाला ४८ मीटर जाणारा बाण आता साधारण ५० मीटर जाईल. त्याच कोनातून सोडला तर २० मीटरवर तो ७-८ सेंटिमीटर वर लागेल. नारळाएवढ्या ढेकळावर नेम धरणाऱ्याला डावीकडची आणि वरची ही चूक मिळून पुरेशी आहे.

त्यामुळे ब्लंटला वजन लावायचं ते बाण जड करण्यासाठी नव्हे. तुमचा बाण ज्या आकड्यावर जुळला आहे, त्या आकड्यावर त्याला परत आणायचं. तुमचा आकडा १७५. ब्लंट, वॉशर, इन्सर्टमधली (शाफ्टच्या तोंडात बसवलेली, पॉइंटचे आटे धरणारी नळी) भर हे सगळं मिळून १७५ व्हायला हवं. सुरुवातीला सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा इथे कुचकामी आहे, कारण त्याची एक पायरीच १५ ग्रेनची होते. पाकिटावर १२५ लिहिलेला पॉइंटही काट्यावर तपासून घ्या, थोडाफार फरक सापडतो.

प्रश्न : पॉइंट आणि इन्सर्टच्या मध्ये वॉशर घालून वजन वाढवता येईल ना? हार्डवेअरच्या दुकानात एम-४ आणि एम-५ दोन्ही मिळतात. किती घालावेत?
– ऐरोली

उत्तर : एम-५ घ्या, आणि फार तर दोन. स्क्रू-इन पॉइंटला आटे फक्त शेवटच्या भागात असतात. डोक्याच्या लगेच मागे सुमारे ५ मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत गळा असतो. एम-४ वॉशरचं भोक ४.३ मिलिमीटरचं, ते या गळ्यावर चढतच नाही. एम-५ चं भोक ५.३, ते नीट बसतं आणि मध्यावर राहतं.

एम-५ चा साधा लोखंडी वॉशर १० मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड असतो. त्याचं वजन भरतं ७ ग्रेनच्या आत-बाहेर. म्हणजे दोन वॉशरचे १३-१४ ग्रेन. तिसरा का नको, ते पाहा. पॉइंटचे आटे ८-३२ मापाचे असतात. दोन आट्यांमधलं अंतर ०.७९ मिलिमीटर. प्रत्येक वॉशर पॉइंटला १ मिलिमीटर बाहेर ढकलतो, म्हणजे एक आटा पूर्ण जातो आणि दुसऱ्याचा काही भाग. शिवाय तो गुळगुळीत गळाही इन्सर्टमधून तेवढाच बाहेर येतो, आणि पॉइंट सरळ धरून ठेवण्याचं काम गळाच करतो. तीन-चार वॉशर झाले की दगडावर आपटलेल्या पॉइंटचा सगळा धक्का ॲल्युमिनियमच्या चार-पाच आट्यांवर येतो. ते सोलून निघतात आणि इन्सर्ट वाया जातं.

कार्बन शाफ्ट साधारण साडेसात मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे वॉशरची कड सव्वा मिलिमीटर बाहेर राहते. रुंद रबरी ब्लंटच्या किंवा जुडोच्या मागे ती तशीच राहिली तरी त्रास नाही. फील्ड पॉइंटच्या मागे मात्र ती फोमच्या टार्गेटमध्ये अडकते आणि बाण काढताना फोम फाडते. घासून ८ मिलिमीटरवर आणलात तर वजन निम्मं होऊन साडेतीन ग्रेनच उरेल. थोडक्यात, वॉशर १०-१५ ग्रेनची शेवटची जुळवाजुळव करायला उत्तम. पन्नास ग्रेनची तूट भरणं त्याच्या आवाक्याबाहेर आहे.

प्रश्न : इन्सर्टच्या मागे, शाफ्टच्या आत पितळेचा तुकडा चिकटवायचा विचार आहे. रॉड कोणत्या मापाचा, किती लांब, आणि कशाने चिकटवावा? एकदा चिकटवला की कायमचाच ना?
– कळवा

उत्तर : पन्नास ते शंभर ग्रेनची भर घालायची असेल तर आम्हाला हाच मार्ग सर्वात पटतो, मात्र एक बदल सुचवतो. वजन शाफ्टच्या आत गेलं की ते प्रत्येक पॉइंटला लागू होतं. मग ‘ब्लंट जड करायचा’ हा विचारच सोडून द्या. पन्नास ग्रेन कायमचे आत बसवा, आणि पुढे फील्ड पॉइंट, जुडो, रबरी ब्लंट सगळे १२५ चेच वापरा. १२५ चे पॉइंट सहज मिळतात, १७५ चे ब्लंट शोधावे लागतात. हवा तो पॉइंट फिरवून लावा, आकडा बदलत नाही. हेच काम तयार पितळी इन्सर्ट करतात, ते ५०, ७५, १०० ग्रेनमध्ये मिळतात. मात्र जुन्या ॲल्युमिनियम इन्सर्टचं वजन त्यातून वजा करा, नाहीतर हिशेब चुकतो.

आता रॉड. व्हर्नियरने शाफ्टचा आतला व्यास मोजा. नेहमीच्या शाफ्टचा तो ६.२ मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यात ६ मिलिमीटरचा पितळी रॉड जातो. बारीक शाफ्टचा ५.२ च्या आसपास, त्यात ५ मिलिमीटरचा. ६ मिलिमीटर पितळेचं वजन दर सेंटिमीटरला सुमारे ३७ ग्रेन, ५ मिलिमीटरचं सुमारे २६. म्हणजे ५० ग्रेनसाठी ६ मिलिमीटरचा साडेतेरा मिलिमीटर तुकडा. कापताना १४-१५ ठेवा आणि कानसीने घासत काट्यावर ३.१ ग्रॅमवर आणा. पन्नास ग्रेन म्हणजे ३.२४ ग्रॅम. उरलेले दोनेक ग्रेन चिकटवणाऱ्या मसाल्याचे धरा. डझनभर बाण करायचे असतील तर सगळे तुकडे आधी कापून, वजन करून, एकमेकांच्या १ ग्रेनच्या आत आणून ठेवा.

दोन्ही तोंडं काटकोनात घासा आणि कडा किंचित मोडा. रॉडवर पॉलिश पेपरने उभे-आडवे ओरखडे काढा. शाफ्टच्या आतून २२० नंबरचा पॉलिश पेपर काडीला गुंडाळून फिरवा, इन्सर्ट आणि रॉड मिळून जेवढी लांबी होते तेवढाच. कार्बनची पूड फुप्फुसात जाऊ देऊ नका, मास्क लावा आणि पूड ओल्या फडक्याने टिपा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने आतून पुसून पूर्ण वाळू द्या. इथे घाई केली तर पुढचं सगळं फुकट जातं, कारण सांधा सुटतो तो बहुधा तेलकट किंवा गुळगुळीत राहिलेल्या जागेवरूनच.

चिकटवायला दोन ट्यूबांचं साधं, २४ तासांत वाळणारं ॲराल्डाइट वापरा. पाच मिनिटांचं नको, एवढं सगळं जुळवायला तेवढा वेळ पुरत नाही. फेविक्विक तर अजिबात नको. ते कडक पण ठिसूळ असतं, आणि ब्लंटच्या प्रत्येक आघाताने त्याला तडे जातात.

इन्सर्टमध्ये आधी एक जुना पॉइंट पूर्ण फिरवून ठेवा, त्याच्या आट्यांना मेण चोळून. त्यामुळे मसाला आट्यांत शिरत नाही. दुसरा फायदाही आहे. बऱ्याच इन्सर्टचं भोक आरपार असतं आणि पॉइंटचं शेवटचं टोक मागून डोकावतं. रॉड त्याला टेकला तर पुढे लांब दांड्याचा पॉइंट कधीच घट्ट बसणार नाही. म्हणून तुमच्याकडच्या सर्वात लांब दांड्याचा पॉइंट लावून मगच रॉडची जागा ठरवा. नॉक (बाणाच्या मागच्या टोकाची, दोरीवर बसणारी खाच) काढून ठेवा, म्हणजे आतली हवा मागून निघेल. रॉडला आणि इन्सर्टला पातळ लेप द्या, रॉड आधी आणि लगेच त्यामागून इन्सर्ट, हळूहळू फिरवत आत घाला. बाहेर आलेला मसाला पुसा. बाण पॉइंट खाली करून २४ तास उभा ठेवा, म्हणजे रॉड खाली सरकून इन्सर्टला चिकटूनच वाळतो.

या टेकण्यालाच सगळं महत्त्व आहे. रॉड आणि इन्सर्टच्या मध्ये फट राहिली आणि सांधा सुटला, तर बाण थांबताना तो सुटा रॉड पुढे धावतो आणि हातोडीसारखा इन्सर्टवर आदळतो. काही बाणांत इन्सर्ट पुढे सरकून शाफ्टच्या तोंडाशी फट दिसू लागते. अशी फट दिसली किंवा बाण हलवल्यावर आत खडखड ऐकू आली, तर तो बाण बाजूला ठेवा.

कायमचं नको असेल तर कमी तापमानाचा हॉट-मेल्ट, म्हणजे गरम केल्यावर मऊ होणारा गोंद, वापरता येतो. काढताना ज्योत शाफ्टला कधीही लावू नका. उष्णतेने कार्बनला बांधून ठेवणारं रेझिन खराब होतं आणि बाहेरून काही कळत नाही. स्टीलचा पॉइंट घट्ट लावून फक्त पॉइंटच गरम पाण्यात धरा, तेवढी ऊब आत पोहोचते.

प्रश्न : मी लाकडी बाण वापरते, ११/३२ इंच जाडीचे. त्यावर ओढून चढवायचे रबरी ब्लंट आहेत. पुढच्या तोंडात भोक पाडून खिळा ठोकला तर वजन वाढेल असं एकाने सुचवलं.
– खारघर

उत्तर : खिळा ठोकू नका. हिशेबच करून बघा. अडीच मिलिमीटर जाडीची आणि २५ मिलिमीटर लांबीची पितळी तार घातली तरी ती भरते १६ ग्रेन. तेवढ्यासाठी तुम्ही शाफ्टचा गाभा पोखरता, तोही नेमका आघात होतो तिथे. लाकूड त्या तारेच्या आतल्या टोकाशी मोडतं, आणि रेषा तिरक्या गेलेल्या असतील तर उभं चिरतं.

सोपं करा. शाफ्टच्या तोंडाला ५ अंशांचा टेपर (निमुळता उतार) द्या, त्यावर चिकटवायचा ग्लू-ऑन फील्ड पॉइंट बसवा, त्याचं टोक ग्राइंडरवर सपाट करा आणि वरून रबर ओढा. ग्लू-ऑन पॉइंट १२५ पासून बरेच वरपर्यंत मिळतात, त्यामुळे रबरी टोपीचं वजन धरून हवा तो आकडा गाठता येतो. रबरी टोप्या एकाच पाकिटातल्याही वजनाला सारख्या नसतात, म्हणून आधी त्या तोला, मग पॉइंट निवडा.

थोडीच भर हवी असेल तर टोपीच्या तळाशी एम-४ चे वॉशर घाला. ९ मिलिमीटर रुंद असल्याने ते ११/३२ च्या टोपीत चपखल बसतात. प्रत्येकी पावणेपाच ग्रेन, तीन घातले तर १४. त्यांचा खरा उपकार वेगळाच आहे. लाकडाचं तोंड आतून रबर कापत जातं आणि एक दिवस आरपार येतं, वॉशर ते थांबवतात.

प्रश्न : मासेमारीच्या दुकानातली शिशाची वजनं वितळवून रबरी ब्लंटमध्ये ओतली तर?
– दिवाळे, बेलापूर

उत्तर : नको. शिसं जड आहे हे खरं, पण ते विषारी आहे, आणि घरात वितळवलं तर त्याची वाफ आणि पूड मुलांपर्यंत पोहोचते. मऊ असल्याने ते आघाताने चेपतं, वजन एका बाजूला सरकतं. हरवलेला ब्लंट शेतात राहिला तर शिसंही तिथेच राहिलं. आणि वितळलेल्या शिशाचं तापमान ३२७ अंशांच्या वर असतं, रबर ते सोसत नाही.

प्रश्न : ४२ पाउंडाचा लाँगबो, ५०० स्पाइनचे ३० इंची कार्बन शाफ्ट, पुढे सगळं मिळून १७५ ग्रेन. जड ब्लंटसाठी हा आकडा २५० वर न्यायचा आहे. बाण कमजोर पडेल का? ते ओळखायचं कसं? एफओसी किती असावा?
– वाशी

उत्तर : कमजोर पडेल. ५०० हा स्पाइनचा, म्हणजे शाफ्टच्या ताठपणाचा आकडा. त्याचा अर्थ, २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर शाफ्ट ठेवून मध्ये ८८० ग्रॅम टांगले की तो ०.५०० इंच वाकतो. ते माप बदलत नाही. बदलतं ते सोडताना होणारं वाकणं. लाकडी बाणांसाठी जुना ठोकताळा असा की पुढे २५ ग्रेन वाढवले की बाण साधारण पाच पाउंड कमी जोराच्या धनुष्याचा असल्यासारखा कमजोर वागतो, आणि लांबी एक इंच कमी केली की तेवढाच ताठ होतो. कार्बनवर आकडे थोडे इकडेतिकडे होतात, दिशा तीच राहते. म्हणजे ७५ ग्रेनची भर पेलायला तुमच्या शाफ्टची लांबी बरीच कमी करावी लागेल. तुमची ओढ २८ इंच असेल तर तेवढी जागाच नाही, कारण पूर्ण ओढीला शाफ्टचं तोंड शेल्फच्या (धनुष्यावर बाण टेकतो ती जागा) निदान इंचभर पुढे राहिलं पाहिजे. रुंद ब्लंट हाताच्या बोटाशी येणं तर फारच वाईट. अशा वेळी ४०० स्पाइनचा, म्हणजे कमी वाकणारा, शाफ्ट घेणं बरं.

चाचणी सगळ्या बाणांना पिसं लावण्याआधी करा. तीन बाण पिसांचे, दोन बिनपिसांचे. पुढचं वजन सगळ्यांना सारखं. पाच इंची तीन पिसं मिळून ९-१० ग्रेन होतात. बिनपिसांच्या बाणाला मागे तेवढ्या वजनाची इलेक्ट्रिकची टेप गुंडाळा, नाहीतर तोल बदलतो आणि उत्तर चुकतं. आधी १० मीटर, मग १५. उजव्या हाताने ओढणाऱ्याचे बिनपिसांचे बाण उजवीकडे गेले तर शाफ्ट कमजोर, डावीकडे गेले तर ताठ. डावखुऱ्याचं उलट. एका बाणावरून निष्कर्ष काढू नका, सोडताना बोट अडखळलं तरी बाण तसाच वागतो.

कमजोर निघाला तर ६-६ मिलिमीटर कापत जा. इथे अनेकांची गफलत होते. पुढे पितळ चिकटवून झालेलं असेल तर पुढून कापता येत नाही. मग नॉककडून कापा, पिसं अजून लावलेली नाहीत याचा फायदा तोच. चाचणीच्या वेळी पुढचं वजन कायमचं चिकटवण्यापेक्षा हॉट-मेल्टवर तात्पुरतं बसवलं तर दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. शाफ्ट बारीक दातांच्या चाकाने कापा, पाइपकटरने दाबून नको. त्याने कार्बनचे धागे चिरतात.

एफओसी म्हणजे बाणाचा तोल मध्यापासून किती पुढे आहे ते. नॉकच्या खाचेपासून शाफ्टच्या तोंडापर्यंतची लांबी मोजा, पॉइंट सोडून. बाण बोटावर तोलून खाचेपासून तोलबिंदूचं अंतर मोजा. त्यातून निम्मी लांबी वजा करा, उरलेल्याला पूर्ण लांबीने भागा, शंभराने गुणा. उदाहरणार्थ, लांबी ७३.७ सेंटिमीटर आणि तोलबिंदू ४६ वर असेल तर उत्तर १२.४ टक्के. हाच बाण ४५० ग्रेनचा असून पुढे ५० ग्रेन घातले तर तोलबिंदू ४९ च्या जवळ सरकतो आणि आकडा १६ च्या थोडा वर जातो. साध्या नेमबाजीला १० ते १५ पुरतो. रुंद ब्लंट हवेत तोंड फिरवायला बघतो, त्याला याहून थोडा जास्त एफओसी आणि चार-पाच इंचांची पिसं असली की बाण सरळ राहतो. पण एफओसीच्या आकड्यामागे लागून स्पाइन बिघडवू नये. चुकीच्या स्पाइनचा वीस टक्क्यांचा बाण योग्य स्पाइनच्या बारा टक्क्यांच्या बाणापेक्षा वाईटच उडतो.

प्रश्न : येऊरला ब्लंट घेऊन सरावाला जायचा बेत आहे. बोथट टोक असल्यावर परवानगीची गरज नाही ना?
– वर्तकनगर, ठाणे

उत्तर : कृपा करून हा बेत रद्द करा. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच धनुष्यबाण आहेत, आणि कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. हेच कलम राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहे. टोक बोथट आहे की टोकदार, याला तिथे अर्थ नाही. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य आणि पनवेलजवळचं कर्नाळा यांनाही तेच लागू.

मुरबाड, शहापूरकडे ओळखीच्या शेतकऱ्याची परवानगी घेऊन भातकापणीनंतर जा. मोकळी खाचरं, मागे मातीचा उंच बांध, ढेकळं, पेंढ्याचा जुना भारा, यापेक्षा चांगली जागा ब्लंटला मिळणार नाही. जिवंत झाडावर नेम धरू नका. कडक खोडावर किंवा दगडावर रबरी ब्लंट आपटला की बाण उलटून थेट तुमच्याकडे येऊ शकतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. बांधापलीकडे कोण आहे ते चालत जाऊन पाहिल्याशिवाय पहिला बाण सोडायचा नाही. कापणीनंतरही शेतात गुराखी आणि लहान मुलं असतात.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये एक लेथवाले ओळखीचे आहेत. त्यांच्याकडून १७५ ग्रेनचे लोखंडी ब्लंट करून घेता येतील का? त्यांना काय सांगायचं?
– किसननगर, ठाणे

उत्तर : येतील, आणि चांगले होतात. नमुना म्हणून जुना फील्ड पॉइंट घेऊन जा, कारण गळ्याची आणि दांड्याची मापं त्यावरून उचलणं सर्वात सुरक्षित. आटे ‘आठ-बत्तीस यूएनसी’ असं कागदावर लिहून द्या. न सांगितल्यास एम-४ चे आटे पडण्याची शक्यता मोठी. त्यांचं अंतर ०.७ मिलिमीटर असतं. असा ब्लंट इन्सर्टमध्ये दोन-तीन फेरे सैल जातो, मग अडकतो, आणि जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे खातो.

१२ मिलिमीटर माइल्ड स्टीलचं वजन दर सेंटिमीटरला १३७ ग्रेन. डोकं १० मिलिमीटर लांब, मागे सुमारे १० मिलिमीटरचा गळा आणि ९ मिलिमीटरचे आटे धरले तर एकूण १७३ च्या आसपास भरतं. पहिला एकच नग करून घ्या, काट्यावर ठेवा, आणि डोक्याची लांबी कमी-जास्त करून बाकीचे सांगा. अर्ध्या मिलिमीटरला सुमारे ७ ग्रेन फरक पडतो. पितळेत हवं असेल तर तेवढ्याच लांबीला सेंटिमीटरमागे १४८ धरा. दांडा मात्र पितळेचा बारीक ठेवू नये, तो वाकतो.

पुढचं तोंड सपाट, कडेला १ मिलिमीटरचा गोलावा. धारदार कड राहिली तर ब्लंट लाकडात रुततो आणि काढताना इन्सर्ट निघून येतं. डोकं, गळा आणि आटे एकाच पकडीत कातायला सांगा. नग काढून, उलटा धरून आटे पाडले तर मध्य सरकतो. घरी आल्यावर प्रत्येक ब्लंट बाणाला लावून, बाण बोटांच्या नखांवर किंवा दोन रोलरवर फिरवून बघा. टोक हलताना दिसलं तर तो नग परत द्या.

लोखंडी ब्लंटचा धक्का रबरापेक्षा पुष्कळ कडक असतो, तेव्हा शाफ्टच्या तोंडावर २-३ सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची नळी बाहेरून चिकटवा. जुन्या ॲल्युमिनियम बाणाचा मापाचा तुकडा चालतो. ही नळी तोंड फुटू देत नाही. तिचंही वजन मोजा आणि पुढच्या आकड्यात धरा.

प्रश्न : पावसाळ्यानंतर ब्लंट इन्सर्टमध्ये जाम झाले. उन्हाळ्यात मात्र तेच आपोआप सैल होत होते. असं का?
– नेरूळ

उत्तर : लोखंडी आटे, ॲल्युमिनियमचं इन्सर्ट आणि खाडीकाठची दमट खारी हवा, या तिघांमुळे गंज आणि पांढरी बुकटी आट्यांत धरते. जूनच्या आधी सगळे पॉइंट काढा, आटे जुन्या टूथब्रशने साफ करा, दोरीला लावायचं मेण त्यावर चोळा आणि मगच लावा. हेच मेण सैल होणंही थांबवतं. ब्लंटचा प्रत्येक आघात आट्यांना थोडा थोडा उलगडतो, आणि कोरड्या आट्यांत त्याला अडवायला काही नसतं. आटे घट्ट धरणारं लॉकिंग केमिकल लावू नका, मग पॉइंट काढताना इन्सर्टच फिरून निघतं.

जाम झालेल्याला पक्कड लावण्याआधी पॉइंटचं डोकं पाच मिनिटं गरम पाण्यात धरा आणि पॉइंट पान्याने फिरवा, शाफ्टला फक्त रबरी तुकड्याने पकडा. ॲराल्डाइटने बसवलेल्या इन्सर्टला उकळतं पाणी नको. सरावाच्या वेळी दर पाच-सहा बाणांनंतर पॉइंट बोटांनी आवळून बघा, आणि कडक काही लागलं असेल तर कार्बनचा शाफ्ट दोन्ही टोकांना धरून हलकेच वाकवून, कानाजवळ नेऊन ऐका. करकर आवाज आला की तो बाण मोडून टाका, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाती तो चांगला समजून जाणार नाही.